शेपटीकडून वाचा: इंग्रजी वैद्यकीय शब्दाचं मूळ शोधण्याची रीत

'कोलेसिस्टेक्टमी' असा शब्द कागदावर दिसला की बहुतेक जण तो एकदा अडखळत वाचतात आणि सोडून देतात. मी रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मराठी अनुवाद करतो, त्यामुळे मला सोडून देऊन भागत नाही. सुरुवातीची काही वर्षं मी कोशात अर्थ बघायचो, लिहायचो आणि पुढच्या पानावर तोच कोश पुन्हा उघडायचो. मग उमगलं की हे शब्द पाठ करायचे नसतात, उसवायचे असतात. शिवण कुठे घातली आहे ते कळलं की न पाहिलेला शब्दही पुष्कळदा आपणहून उलगडतो. त्या उसवण्याची माझी रीत खाली देतो आहे. ग्रीक किंवा लॅटिन येत असण्याची गरज नाही. मराठी येतं आणि संस्कृत थोडंसं कानावरून गेलं आहे, एवढं भांडवल पुरतं.

पहिली पायरी: आधी रोमन स्पेलिंग डोळ्यांसमोर घ्या

देवनागरीत लिहिलेल्या शब्दावरून व्युत्पत्ती शोधायला बसू नका. आपली लिपी उच्चार पकडते, आणि मूळ कुठलं याचा पुरावा असतो स्पेलिंगमध्ये. 'इलियम' हा शब्द मराठीत एकच दिसतो. रोमन लिपीत मात्र तिसरं अक्षर 'ई' असेल तर तो लहान आतड्याचा शेवटचा भाग, आणि 'आय' असेल तर कमरेचं हाड. 'कोलेक्टमी'त मोठं आतडं काढतात आणि 'कोलेसिस्टेक्टमी'त पित्ताशय. दोन्हींचा 'को' आपल्याला सारखाच ऐकू येतो. पण पहिला साध्या 'सी'चा, म्हणजे मोठ्या आतड्याचा 'कोलॉन', आणि दुसरा 'सी-एच'चा, म्हणजे 'खोले', ग्रीकमध्ये पित्त.

ग्रीक मुळाच्या खुणा ओळखणं सोपं असतं. 'फ'साठी 'पी-एच', 'क'साठी 'सी-एच', शब्दाच्या पोटात 'वाय', सुरुवातीला न उच्चारला जाणारा 'पी' (न्यूमोनिया, सायकॉलॉजी), आणि दोन 'आर'नंतर चिकटलेला 'एच'. यातली एक खूण जरी दिसली तरी ग्रीकच्या दिशेने निघावं. 'वाय' आणि 'आय'चा फरक तर विसरूच नका. 'डिसफंक्शन'मधला 'डिस' 'वाय'चा आहे, ग्रीक, अर्थ वाईट किंवा बिघडलेला. 'डिसलोकेशन'मधला 'आय'चा आहे, लॅटिन, अर्थ दूर किंवा वेगळं. कानाला दोन्ही जुळे भाऊ वाटतात, पण घराणी वेगळी.

दुसरी पायरी: शेपटी धरा

वैद्यकीय शब्द मागून पुढे वाचायचा. शेवटचा तुकडा सांगतो की प्रकार काय आहे: आजार, शस्त्रक्रिया, तपासणी की नुसती अवस्था. मग बाकीचं जुळवता येतं.

शस्त्रक्रियेच्या तीन शेपट्या एकदा नीट समजून घ्या, कारण त्यांच्यात सगळ्यात जास्त गल्लत होते. ग्रीक 'टोमे' म्हणजे छेद. नुसतं '-ओटमी' असेल तर छेद दिला, एवढंच. '-एक्टमी'मध्ये अलीकडे 'एक', म्हणजे 'बाहेर', जोडलेलं आहे. कापून बाहेर काढलं. '-ऑस्टमी'त मात्र 'टोमे' नाहीच, तिथे 'स्टोमा' म्हणजे तोंड आहे. शरीराला नवं तोंड, नवं द्वार करून दिलं. त्यामुळे कोलोटमी, कोलेक्टमी आणि कोलोस्टमी झालेले तीन रुग्ण घरी जातात तेव्हा त्यांच्या रोजच्या जगण्यात फार मोठा फरक असतो.

'-आयटिस'ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आज तिचा अर्थ दाह. ग्रीकमध्ये मात्र तो दाहाचा शब्दच नव्हता, ते विशेषण बनवणारं साधं स्त्रीलिंगी शेपूट होतं. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'आर्थ्रायटिस नोसोस' म्हणजे सांध्याची व्याधी. 'नोसोस' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. पुढे बोलताना 'नोसोस' गळून पडला आणि विशेषणच नाम होऊन बसलं. आपण 'यंदा त्याची दहावी आहे' म्हणतो तेव्हा 'इयत्ता' अशीच गळालेली असते. दाहाचा अर्थ नंतरच्या काळातल्या वैद्यांनी तिच्यात भरला आणि मग तो इतका रुजला की आता कुठल्याही अवयवापुढे 'आयटिस' लावलं की नवा आजार तयार.

'-ओमा' दिसलं की लोक कर्करोगाच्या भीतीने गारठतात. ती घाई करू नये. ही शेपटी बरेचदा गाठीची असते हे खरं, पण 'हिमॅटोमा' म्हणजे साकळलेलं रक्त, 'ट्रॅकोमा'च्या मुळाशी खरखरीतपणा आहे, आणि 'ग्लॉकोमा'च्या मुळाशी 'ग्लाउकोस', म्हणजे निळसर-करडा रंग. यातल्या दोन आजारांत गाठ कुठेच नाही.

बाकीच्या शेपट्या भराभर: '-आल्जिया' वेदना, '-ईमिया' रक्तातली स्थिती, '-युरिया' लघवीतली, '-पेनिया' कमतरता, '-मेगॅली' आकार वाढणं, '-स्कोपी' आत डोकावून पाहणं, '-प्लास्टी' घडवणं, '-ऑइड' सारखं दिसणारं. या शेवटच्या शेपटीमुळे 'टायफॉइड'चं गूढ उकलतं. टायफॉइड म्हणजे 'टायफससारखा'. टायफस हा वेगळाच आजार, पण दोन्हींत ताप आणि गुंगी असल्यामुळे 19व्या शतकापर्यंत वैद्य त्यांची सरमिसळ करत. 'टायफोस' म्हणजे धूर, आणि त्यावरून धुरकटलेलं भान. पुढे जंतू वेगळे निघाले, आजार वेगळे ठरले, नावात मात्र 'सारखा' तसाच राहिला.

तिसरी पायरी: डोकं बघा आणि संस्कृत आठवा

इथे मराठी वाचकाला जे फुकट मिळतं ते इंग्रजी वाचकाला मिळत नाही. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा आहेत, आणि उपसर्गांमध्ये ते नातं उघड दिसतं.

नकाराचा 'अ' घ्या. संस्कृतात व्यंजनापुढे 'अ' येतो आणि स्वरापुढे 'अन्': अ-शक्य, पण अन्-उचित. ग्रीकचा नियम हुबेहूब हाच आहे. 'अफेजिया' म्हणजे वाचा नसणं, तिथे 'अ'. 'अन्युरिया' म्हणजे लघवी न होणं, तिथे 'अन्'. ॲनिमियातही 'अन्' आणि 'हायमा', म्हणजे रक्त. शब्दशः 'अ-रक्तता'. आपला 'रक्तक्षय' खरं तर अधिक नेमका आहे, कारण रक्त नसतं असं कुणाचंच होत नाही.

'डिस' म्हणजे आपला 'दुस्': डिस्प्निया, श्वास घेताना त्रास. 'पेरी' म्हणजे 'परि': पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. 'हायपर' म्हणजे 'उपरि', 'हायपो' म्हणजे 'उप'. फक्त इथे एक सावधगिरी हवी. मराठीतला 'उप' जवळचा किंवा दुय्यम असा अर्थ देतो (उपनगर, उपकरण), तर ग्रीक 'हायपो' खाली किंवा कमी असा. भाषा सख्ख्या असल्या तरी अर्थ वेगळ्या वाटांनी गेलेले असतात. साम्य आठवणीसाठी वापरायचं, पुराव्यासाठी नाही.

अवयवांतही हे नातं भेटतं. 'ऑस्टिऑन' आणि अस्थी, 'ओडोन्त' आणि दंत, 'गोनू' आणि जानू. माझं लाडकं उदाहरण 'एंटेरॉन'चं. ग्रीकमध्ये आतडं, संस्कृतात 'आन्त्र', आणि त्यावरून मराठीत आलेलं आपलं 'आतडं'. म्हणजे 'गॅस्ट्रोएंटेरायटिस' या अवघड शब्दाच्या पोटात आपल्या आतड्याचाच भाऊबंद बसला आहे.

चौथी पायरी: मधला तुकडा, आणि एकाच अवयवाची दोन नावं

आता राहिला गाभा. त्याला जोडताना अधेमधे 'ओ' येतो, त्याला अर्थ नसतो. तो जोडटाका आहे: कार्डि-ओ-लॉजी. पुढचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर हा 'ओ' बहुधा गळतो, म्हणून 'कार्डायटिस'. दोन अवयव जोडताना मात्र तो टिकतो, जसा 'गॅस्ट्रोएंटेरायटिस'मध्ये. शब्द उसवताना हे 'ओ' आधी बाजूला काढून ठेवा, अर्धं काम होतं.

मग प्रश्न पडतो की मूत्रपिंडाला कधी 'रीनल' आणि कधी 'नेफ्रो' का? कारण वैद्यक दोन भाषांतून आलं. रोमच्या काळातही वैद्यकाची भाषा ग्रीक होती, तिथला नामवंत वैद्य गॅलेन यानेही ग्रीकमध्येच लिहिलं. युरोपातल्या प्रबोधनकाळात शरीररचनेचे ग्रंथ लॅटिनमध्ये झाले, व्हेसेलियसचा मोठा ग्रंथ 1543चा. त्यामुळे ढोबळ वाटणी अशी पडली: अवयवाचं विशेषण किंवा रक्तवाहिनीचं नाव असेल तर बहुधा लॅटिन, आजार आणि शस्त्रक्रिया असेल तर बहुधा ग्रीक. रीनल धमनी पण नेफ्रायटिस. पल्मनरी धमनी पण न्यूमोनिया. नियम तोडणारेही भरपूर. 'ॲपेंडिसायटिस' आणि 'टॉन्सिलायटिस'ला लॅटिन धड आणि ग्रीक शेपूट आहे, आणि 'हायपरटेन्शन'मध्ये उलट, ग्रीक डोकं आणि लॅटिन धड. शुद्धतेच्या आग्रही लोकांना हे खुपतं. मला नाही खुपत.

या पायरीवर मी एकदा चांगलाच घसरलो होतो. 'मायलायटिस'चं भाषांतर मी 'स्नायूंचा दाह' असं केलं, आणि छपाईच्या आधी तपासणाऱ्या डॉक्टरांनी पानावर फक्त एक मोठं उद्गारचिन्ह काढून परत पाठवलं. 'मायो' म्हणजे स्नायू. 'मायलो' म्हणजे मज्जा. एका 'ल'ने अख्खा अवयव बदलला. नंतर मी 'मायलो'च्या मागे लागलो तेव्हा आणखी गंमत कळली. 'ऑस्टिओमायलायटिस' हा हाडाचा आजार आणि 'पोलिओमायलायटिस' मज्जारज्जूचा, मग 'मायलो' दोन्हीकडे कसा? हाडाच्या पोकळीतला मऊ पदार्थ, मग ती लांब हाडाची पोकळी असो की मणक्यांची, 'म्युएलोस' या एकाच शब्दात बसायचा. आणि आपण? अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू. दोन्हीकडे मज्जाच. 'पोलिओस' म्हणजे करडा. मज्जारज्जूतल्या करड्या भागाचा दाह, एवढा अर्थ त्या नावात भरलेला आहे, आणि आपण त्यातला नेमका 'करडा' तेवढा ठेवून बाकी टाकून देतो: पोलिओ.

आता सुरुवातीचा शब्द घ्या. शेपटी '-एक्टमी': कापून काढणं. 'सिस्ट': पिशवी. 'कोले': पित्त. पित्ताची पिशवी काढणं. 'पित्ताशय' शब्दाची घडणही पित्त अधिक आशय अशीच आहे.

पाचवी पायरी: शब्द वाहत आला की कुणी घडवला, हे ठरवा

जुने शब्द लोकांच्या तोंडी फिरत फिरत अर्थ बदलतात. घडवलेल्या शब्दांना मात्र जन्मतारीख असते आणि बहुधा जन्मदाताही. त्यासाठी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासारखा ऐतिहासिक कोश पाहावा, ज्यात शब्दाचा पहिला लिखित वापर वर्षासकट दिलेला असतो. वर्ष 1800 नंतरचं असेल तर शब्द घडवलेला असण्याची शक्यता मोठी, आणि मग घडवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं तेही बरेचदा सापडतं.

1905 साली स्टार्लिंगने 'हॉर्मोन' वापरला, 'चेतवणं' या ग्रीक क्रियापदावरून. 1906 साली व्हिएन्नात फॉन पिर्केने 'ॲलर्जी' घडवला: 'ॲलोस' अन्य, 'एर्गॉन' कार्य. त्याला म्हणायचं होतं, शरीराची बदललेली प्रतिक्रिया. 1912 साली फंकने 'व्हिटामिन' दिला, कारण जीवनावश्यक असलेले हे पदार्थ 'अमाइन' या रासायनिक गटातले असावेत असा त्याचा अंदाज होता. सगळे तसे नाहीत हे कळल्यावर 1920 साली ड्रमंडने स्पेलिंगच्या शेवटचा 'ई' कापायला सुचवलं. चूक झाकायला एक अक्षर पुरलं.

'ऑर्थोपेडिक'मध्ये पाय शोधणारे खूप भेटतात. लॅटिनमध्ये 'पेड' म्हणजे पाय हे खरं, पण हा तो 'पेड' नाही. 1741 साली पॅरिसच्या निकोला आंद्रीने हा शब्द दोन ग्रीक शब्दांतून बनवला: 'ऑर्थोस' सरळ, 'पाइस' मूल. मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्याची विद्या. त्याच्या पुस्तकातलं वाकड्या रोपट्याला खुंट्याशी बांधल्याचं चित्र आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या कितीतरी संस्थांच्या बोधचिन्हात असतं. पीडियाट्रिशियन आणि ऑर्थोपेडिशियन यांच्या नावांत एकच मूल आहे.

आणि सगळंच ग्रीक-लॅटिन धरून चालू नका. 'चिकुनगुन्या' पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतला, सांधेदुखीने वाकणं सांगणारा. 'क्वाशिओर्कोर' घानातल्या गा भाषेतला. धाकटं भावंडं आल्यावर अंगावरचं दूध सुटलेल्या मुलाचा आजार तो सांगतो, आणि आजाराचं कारणच नावात आहे. 'साल्मोनेला'चा साल्मन माशाशी काही संबंध नाही, तो डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्याच्या आडनावावरून आला. अशा शब्दांवर वरच्या चार पायऱ्या चालवल्या तर हाती भलतंच लागतं.

सहावी पायरी: शब्दशः अर्थ आणि आजचा अर्थ वेगळ्या रकान्यांत लिहा

माझ्या वहीत प्रत्येक शब्दाला दोन रकाने आहेत. डावीकडे 'नाव काय म्हणतं', उजवीकडे 'वस्तू काय आहे'. ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, कारण नाव हे नाव ठेवणाऱ्याच्या काळातल्या समजुतीचा फोटो असतो. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा'. दलदलीवरची दूषित हवा हेच कारण मानलं जायचं. 1880मध्ये लाव्हेरानने परजीवी पाहिला, 1897मध्ये रॉसला तो डासात सापडला, नावातली हवा कुणी काढली नाही. इन्फ्लुएंझा म्हणजे 'प्रभाव', ग्रहताऱ्यांचा. हिस्टेरियात गर्भाशय आहे, 'हिस्टेरा', आणि त्या नावापायी शतकानुशतकं बायकांच्या खऱ्या दुखण्यांना जो वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या तो नामकरणाचा दोष म्हणून सोडून देण्यासारखा नाही. 1816 साली लाएनेकने ऐकण्यासाठी बनवलेल्या नळीला नाव मिळालं स्टेथोस्कोप, म्हणजे छाती 'पाहण्याचं' साधन.

उलट दिशेनेही शब्द पसरतात. 'व्हॅक्सिन'मध्ये लॅटिन गाय आहे, 'व्हाक्का', कारण जेनरने 1796 साली गायीच्या देवीचा द्राव वापरला. इतर रोगांच्या लसींनाही तेच नाव द्यावं असं पाश्चरने 1881मध्ये सुचवलं, जेनरच्या सन्मानार्थ. त्यामुळे ज्या लसीचा गायीशी दूरान्वयानेही संबंध नाही तीही व्हॅक्सिनच.

डावा रकाना भरताना सुबक गोष्टींपासून जपा. ज्यूलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून 'सिझेरियन', ही कथा सगळ्यांना पाठ असते. त्याची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर कितीतरी वर्षं जगली. त्या काळात अशी शस्त्रक्रिया मरण पावलेल्या किंवा मरणाच्या दारातल्या स्त्रीवरच होत असे, तेव्हा कथा टिकत नाही. 'कापणं' या अर्थाच्या लॅटिन धातूशी नावाचा संबंध जोडतात, तो अधिक पटण्याजोगा आहे. कथा जितकी गोल आणि चटकदार, तितका तिच्यावर माझा संशय जास्त.

एक शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत: हायपोकाँड्रिया

सगळ्या पायऱ्या एकाच शब्दावर चालवून बघू. शब्द मुद्दाम अडेलतट्टू निवडला आहे. आपल्याला मोठा आजार झालाय अशी सतत धास्ती वाटत राहणं, हा त्याचा रूढ अर्थ.

स्पेलिंगमध्ये 'वाय' आहे, 'सी-एच'चा 'क' आहे. ग्रीक, यात शंका नको. शेवटच्या '-इया'तून इथे फारसं हाती लागत नाही. डोकं 'हायपो': खाली. गाभा 'काँड्र': 'खोंड्रोस', कूर्चा, ज्याला आपण कुरकुरं हाड म्हणतो. जोडा. 'कूर्चेच्या खाली.' आणि इथे माणूस थांबतो. धास्तीचा कूर्चेशी काय संबंध?

कूर्चा कुठली ते पाहू. छातीच्या पिंजऱ्यात बरगड्या पुढे येऊन कूर्चेला मिळतात. तिच्या खालचा, पोटाच्या वरच्या भागातला दोन्ही बाजूंचा प्रदेश म्हणजे 'हायपोकाँड्रियम'. डॉक्टर पोट तपासताना आजही 'उजवं हायपोकाँड्रियम' असं लिहितात, आणि त्यांना तिथे फक्त जागा सांगायची असते. उजवीकडे यकृत आणि पित्ताशय, डावीकडे प्लीहा. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरातल्या चार रसांपैकी एक होता काळं पित्त, 'मेलान खोले', ज्यातून 'मेलँकली' आला. या रसाचा संबंध प्लीहेशी लावलेला होता. म्हणजे उदासी आणि विनाकारण चिंता यांचं ठाणं बरगड्यांच्या खाली. त्या जागेचं नाव मग तिथे घर केलेल्या दुखण्याला मिळालं. पुढे काळ्या पित्ताची कल्पनाच मोडीत निघाली, जागा मागे पडली, आणि नावात उरली ती फक्त धास्ती. 2013 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी निदानाच्या यादीतून हे नाव काढलं आणि तिथे आजाराच्या चिंतेचा विकार असं सरळ वर्णन असलेलं नाव आणलं. बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही.

डावा रकाना: बरगड्यांच्या कूर्चेखालचं. उजवा रकाना: आजाराची धास्ती. मधली रिकामी जागा भरायला दोन हजार वर्षांचं वैद्यक लागलं.

धागा हातात आहे तर 'खोंड्रोस' आणखी थोडा ओढून बघा. कूर्चा हा त्याचा नंतरचा अर्थ. आधीचा अर्थ दाणा, कण. दाताखाली कणासारखी लागते म्हणून कूर्चेलाही ते नाव पडलं असावं. जुना दाणा मात्र शब्दात जिवंत राहिला. 1898 साली कार्ल बेंडाला पेशीत धाग्यांसारखे आणि कणांसारखे दिसणारे ठिपके दिसले, तेव्हा त्याने 'मिटोस' म्हणजे धागा आणि 'खोंड्रिऑन' म्हणजे कण जोडून नाव ठेवलं, मायटोकाँड्रिया. आणि आकाशातून पडणाऱ्या ज्या दगडांच्या पोटात बारीक गोल कण दिसतात, त्या उल्कापाषाणांना काँड्राइट म्हणतात.